मालन मिस्त्रीनं केलेली डावी फ्रेम

मालनच्या बाराव्याला लोक जेवून हात धुताना म्हणत होते, "लई भोळी बाई होती." कोण म्हणालं, "गरीब गाय होती बिचारी." मी मुकाट ऐकून घेतलं. आपल्याच दारात जेवलेल्या माणसाशी त्याच दिवशी भांडू नये. पण ते सगळं खोटं आहे. मालन भोळी नव्हती, आणि गाय तर अजिबात नव्हती. तिच्यासंगं चाळीस वर्षं काढली, मला माहीत. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर गाड्यांचा पत्रा ठोकला, लिहिणं येतं ते असंच. पण तिच्यावर कुणी भलता रंग मारत असेल तर तो खरवडून काढायला पाहिजे, म्हणून बसलोय.

लग्नात तिच्या ट्रंकेत दोन लुगडी होती, एक तांब्या होता, आणि तळाला फडक्यात गुंडाळलेली हत्यारं होती. तीन पटाशा, एक लहान रंधा, कानस आणि एक पितळी पट्टी. आमच्या आईनं पटाशी उचलून विचारलं, "ह्यानं काय करतीस ग?"

"लाकूड तासतीया."

"आणि भाकरी?"

"ती हातानं."

आई त्या दिवशी जी गप्प झाली ती पुढं तिच्या वाटेला फारशी गेली नाही.

मालनचा बाप दादू मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून द्यायचा. जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडाची प्रत करायची, ती वाळूत दाबून काढली की तिच्या आकाराची पोकळी राहते, तिच्यात तापलेला रस ओतायचा. ती लाकडाची प्रत म्हणजे पॅटर्न. दादूला पोरगा नव्हता. मालन लहानपणी फळीचं दुसरं टोक धरायला बसली ती पंधराव्या वर्षी स्वतः पॅटर्न कराय लागली. पण माल बाहेर जायचा तो दादू मिस्त्रीचा म्हणून. तिनं एकदा विचारलं तर बाप म्हणाला, "बाईचं काम म्हटलं की फाउंड्रीवाला परत माप घेत बसतोय. गप ऱ्हा." ती गप राहिली, पण विसरली नाही. मालन काहीच विसरायची नाही. वरातीत मी तिच्या पायावर पाय दिलेला, तेसुद्धा शेवटपर्यंत काढायची.

ती पितळी पट्टी बघायला साध्या फूटपट्टीसारखी, पण तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरा लांब. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. पट्टीची एक बाजू बिडाची, दुसरी पितळेची, कारण प्रत्येकाचं आकसणं वेगळं. हा हिशोब मालन माणसांनापण लावायची. थोरलीला बघायला इचलकरंजीचे पाहुणे आले. मुलाचा चुलता म्हणाला, "पोरीला आमी कामाला हात लावू देणार न्हाय." मी खूश. पाहुणे गेल्यावर ही म्हणाली, "आत्ता गरम हाईत. थंड झाल्यावर माप घेऊया." दीड महिन्यानं न सांगता शेंगांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी जाऊन धडकली. पोरगा मोरीत बसून स्वतःची कपबशी विसळत होता. तिथंच होकार देऊन आली.

डोळ्यावर तिचा भरवसा नव्हता. म्हणायची, डोळा लाच खातोय. कुठली पण वस्तू हातात आली की डोळे मिटून अंगठा फिरवायची. पाहुण्यांच्या घरी नवं कपाट दिसलं की दाराच्या कडेनं अंगठा फिरलाच. घरची बाई हौसेनं विचारायची, "कसं हाय वैनी?" तर ही सरळ सांगायची, "वरनं तांदूळभर जादा हाय." आमच्या भावकीत ती येणार कळलं की लोक कपाटावर चादर टाकायचे.

दुपारी एक वाजता डबा घेऊन गॅरेजात यायची. मी जेवेपर्यंत कुठल्यातरी गाडीवरून अंगठा फिरवत हिंडायची आणि शेवटी एक वाक्य टाकून जायची. ते वाक्य मला दिवसभर चावायचं, कारण बहुतेक वेळा खरं असायचं.

नव्वद-पंच्याण्णवच्या आसपास गडमुडशिंगीच्या आण्णासाहेबांनी एक गाडी आणली. अमेरिकेची, जुनी. लांब नाकाची, दोनच दारांची. इंजिन ट्रकाला लाजवेल एवढं, आणि मागं जागा दोन कोंबड्या बसतील एवढी. गोव्याच्या कुणीतरी ती चंदगडला आणून काजूच्या पोत्यांखाली टाकलेली. चंदगडचा पाऊस म्हणजे काय सांगायचं. मी दार उघडलं तर दाराचा खालचा पत्रा जागेवरच राहिला.

आण्णासाहेबांचा भाचा अमेरिकेत होता. तिकडं म्हणे असल्या जुन्या गाड्यांचे सगळे भाग नव्यानं करून मिळतात, अगदी मूळच्या बरहुकूम. भाच्यानं पेट्याच्या पेट्या पाठवल्या. आण्णासाहेब पेट्यांवर हात ठेवून म्हणाले, "बंडू, दोन गोष्टी ध्यानात ठेव. खंडेनवमीला गाडी पूजेला माझ्या दारात पायजे. आणि हिच्यावर देशी वायसरसुद्धा नको. घावला तर गाडी उचलून पुण्याला न्हेतो." मी व्हय म्हणालो. एवढी मोठी गाडी आमच्या गल्लीत कधी आली नव्हती.

आता बरहुकूम म्हणतात, पण नवा भाग जुन्या गाडीला कधी बसत नाही. पुढचा मडगार्ड लावला तर दाराशी वर करंगळी जाईल एवढी फट, खाली नखपण जाईना. मी हातोडी उचलली.

"अवो, थांबा," मालन म्हणाली. "नवी सून आलीया, तिला कशाला मारतायसा? घर वाकडं हाय का बघा की आधी."

"मडगार्डच वाकडा हाय."

"तीस वर्सं दार लोंबतंय. त्याचं बिजागर बघितलासा?"

बघितलं नव्हतं. मी पुढून मागं बसवत निघालो होतो. ती म्हणाली, मागचा पत्रा गाडीला जोडलेलाच आहे, तो हलत नाही. मग त्याला धरून दार बसवा, दाराला धरून मडगार्ड, आणि बॉनेट शेवटी. रंगाच्या आधी सगळं एकदा लावायचं, खोलायचं, परत लावायचं. तीन दिवस मी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी ती नसताना तसं केलं. बसलं. डबा घेऊन आली, फटीतून अंगठा फिरवला, आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दाराला रबराची नवी पट्टी लावली तर दार बंद होईना. रबर कुठं अडतंय ते आतून दिसत नाही. मालननं घरातला जोतिबाचा गुलाल आणला, रबरावर चोळला, दार दाबलं आणि उघडलं. जिथं अडतंय तिथं पत्र्यावर लाल उठलं. झकास काम. फक्त त्या संध्याकाळी आण्णासाहेब पांढरी विजार घालून आले आणि बघतो म्हणून आत जाऊन बसले. उतरले तेव्हा निवडून आल्यासारखे दिसत होते.

खंडेनवमीला पाच आठवडे उरले आणि शेवटची पेटी उघडली. मागच्या लाइटच्या भोवती चकचकीत फ्रेम असते, वीतभरापेक्षा जरा लांब, डावीची वेगळी, उजवीची वेगळी. पेटीत दोन होत्या. दोन्ही उजव्या. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, डावी यायला तीन महिने.

जुनी डावी होती, पण गंजून दोन तुकडे झालेली. मी डोकं चालवलं. तुकडे चिकटवले, खड्डे बुजवले, घासून गुळगुळीत केली आणि फाउंड्रीत दिली. म्हटलं, हीच वाळूत दाबा आणि अशीच पितळेची ओता.

मालन म्हणाली, "आकसंल."

"एवढ्याशानं काय आकसतंय?"

तिनं भांडी घासायला घेतली.

वाळूतून काढताना जुनीचे चार तुकडे झाले ते झालेच, आणि नवी आली ती ज्वारीच्या दाण्याएवढी आखूड. एका टोकाचा स्क्रू लागला की दुसऱ्या टोकाचं भोक पळून जायचं. पॅटर्नवाल्याचा जावई असून मी हा गाढवपणा केला. दुपारी डबा आला.

"बसली का?"

"बसंल."

तिनं भाकरीशेजारी बापाची पट्टी ठेवली.

"ह्याचं काय करू?" मी म्हणालो.

"चटणीसंगं खावा."

दुसऱ्या दिवशी तिनं न विचारता सागवानाचा तुकडा काढला. डावी फ्रेम तर जगात उरली नव्हती. म्हणून तिनं उजवी घेतली, पोरींच्या कपाटाच्या आरशासमोर उभी केली आणि आरशात दिसणारी बघून लाकूड तासायला बसली. आरशातली उजवी म्हणजे डावीच. पट्टीची पितळेची बाजू मापाला. चार-पाच दिवस सकाळचा स्वयंपाक आटपून आरशासमोर बसायची. खिडकीतून शेजारच्या शांताबाईनं बघितलं आणि गल्लीत उठवलं की मालनवैनीला ह्या वयात नटायचं सुचलंय. मालनला कळल्यावर म्हणाली, "उठवू दे. त्येवढंच माझ्या नावावर."

ओतून आली, घासली, क्रोम मारून आणलं. मी गाडीला लावली तर चारी स्क्रू हातानंच आत गेले. पेचकस फक्त शेवटी लागला. मी कितीतरी वेळ बघत उभा होतो. मग मी घाबरलो.

"आण्णांना सांगायचं न्हाय हं," मी म्हणालो. "गाडी त्यांच्या दारात जाऊ दे. मग बघू."

"मग काय बघणार?"

"काय न्हाय बघणार."

"त्येच की." ती पदरानं फ्रेमवरचे माझ्या बोटांचे डाग पुसत होती. "बापानं त्येच केलं, आता तुमी. माझं काम तुमा दोघांच्या नावानं किती दिस खपायचं?"

"पुण्याला न्हेतील गाडी. गल्लीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

"न्हेऊ द्यात. आधी त्यांना मन भरून बघू द्यात, तवर मी तोंड उघडणार न्हाय. पण बघून झालं की सांगणार."

तिला दुसरं काही नको होतं. हातचा एक तरी नग तिच्या नावानं रस्त्यावरून जावा, एवढंच. आणि मला गाडी पुण्याला जायला नको होती. त्या आठवड्यात आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा मोठा होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आण्णासाहेब ड्रायव्हरला घेऊन आले. दार एका बोटानं लावून बघितलं. बॉनेट बघितलं. मग गुडघ्यावर हात देत मागं बसले, चष्मा लावला आणि डाव्या फ्रेमच्या कडेनं नख फिरवलं. मग उजवीकडं सरकले. परत डावीकडं. मी जमिनीकडं बघत होतो.

"बंडू, माझ्याशी खेळतोस व्हय रं?"

"काय झालं आण्णा?"

"ही उजवी. ही हितली हाय. बघ, पावणा बसल्यागत बसलीया, नुसती टेकून. आणि ही डावी बघ, पत्र्यातनं उगवल्यागत. आरं, अमेरिका ती अमेरिका. मला काय कळत न्हाय व्हय?"

ड्रायव्हरनं मान हलवली. त्याला पण कळत होतं म्हणे.

मालन रिकामा डबा घेऊन उभी होती. "आण्णा, बघून झालं?"

"झालं की."

"मन भरलं?"

"डावीवर भरलं."

"मग ऐका. उजवी अमेरिकेची हाय, तिची पेटी तितं पडलीया चिठ्ठीसकट. डावी मी केलीया. आरशात बघून."

आण्णासाहेब उठले. उठायला वेळ लागला, गुडघे धरले होते. ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला, आणि तेच वाईट झालं. चारचौघांत चुकलेला मोठा माणूस फक्त एकच गोष्ट करू शकतो.

"काढा ती," ते म्हणाले.

मी हललो नाही. मालननं माझ्या खिशातला पेचकस घेतला, फ्रेम काढली आणि चारी स्क्रू आण्णासाहेबांच्या तळहातावर ठेवले. "ह्ये तुमच्या अमेरिकेचं." फ्रेम पदरात गुंडाळली आणि घरी गेली.

गाडी पूजेला भोकासकट गेली. भोक झाकायला झेंडूचा हार बांधलेला. लोकांना वाटलं, डाव्या अंगाचा काहीतरी नवस असेल. मुडशिंगीत वासरानं हार खाल्ला आणि सगळ्या गावानं भोक बघितलं. आण्णासाहेबांनी बोलल्याप्रमाणं गाडी पुण्याला मात्र नेली नाही.

मालन रडली वगैरे नाही. भिंतीत खिळा मारला, ती फ्रेम लावली आणि तिच्यात बापाचा फोटो बसवला. फोटो रुंद होता, कडेनं कापावा लागला, त्यात बापाचा एक कान गेला. "तसं पण ऐकत न्हवताच कवा," म्हणाली.

माझ्याशी मात्र आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी मीच म्हणालो, "पेचकस मी काढून द्यायला नको होता."

"तुमी दिला न्हाय. मी घेतला."

"मी आडवलंपण न्हाय की."

"त्येच म्हणतीया," ती म्हणाली, आणि आमटी वाढली. जास्तच वाढली.

तीन महिन्यांनी अमेरिकेची डावी आली. ती गाडीला बसली नाही. आण्णासाहेबांनी दुसऱ्या गॅरेजात नेऊन बघितलं, तिथं तिच्या एका कोपऱ्याला चीर पाडून आणली. मग एका रविवारी ते आमच्या घरी आले. गॅरेजात नाही, घरी. उंबऱ्याच्या आत येऊन मालनला म्हणाले, "ती डावी कुठं हाय?"

मालननं भिंतीकडं बोट केलं. आण्णासाहेबांनी दादू मिस्त्रीचा फोटो बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"ती आता मोकळी न्हाय," मालन म्हणाली. "पण पॅटर्न हाय माझ्याकडं. दुसरी वतून घेऊया. तुमाला कुणी इचारलं की कुठनं आणली, तर काय सांगणार?"

"सांगंन की, कोल्हापुरात केली."

"कोल्हापूर लई मोठं हाय."

"उद्यमनगरात केली म्हणंन."

"त्ये पण मोठंच हाय."

आण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्या वेळी जमिनीकडं बघितलं नाही, त्यांच्याचकडं बघत राहिलो.

"मालन मिस्त्रीनं केली," ते म्हणाले.

"परत म्हणा."

"मालन मिस्त्रीनं केली. बास का?"

"आता च्या घ्या," ती म्हणाली.

त्या माणसानं शब्द पाळला, आणि जरा जास्तच पाळला. पुनवेला नृसिंहवाडीला गाडी घेऊन जायचे आणि देवापेक्षा मागच्या लाइटपाशी जास्त वेळ उभे राहायचे. कुणी विचारलं नाही तर स्वतःच सुरू करायचे. मग बेळगाव, निपाणी, सांगली अशी कुठनं कुठनं माणसं फडक्यात मोडके भाग बांधून यायला लागली. कुणाच्या जुन्या जीपचं हँडल, कुणाच्या मोटरसायकलचं झाकण. दारात येऊन मला विचारायची, "मालन मिस्त्री आपणच का?" आतून आवाज यायचा, "पावणं, हिकडं. त्ये पत्रा ठोकत्यात." आलेल्या माणसाचं तोंड बघायला मला लई मजा यायची. त्यातल्या निम्म्यांनी परत माप घेतलं. ती घेऊ द्यायची. माप घेऊन झालं की विचारायची, "किती भरलं?" आणि माणूस सांगायचा तेवढं तिनं आधीच लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं.

पुढं दहा-बारा वर्षांनी तिचं दुखणं निघालं. पुढच्या खोलीत खाट टाकली. आण्णासाहेब, आता काठी घेऊन, एक दिवस बघायला आले, आणि पिशवीतून उजवी फ्रेम काढली. अमेरिकेची. क्रोमला फोड आलेले.

"हिचं पण तुमीच बघा," ते म्हणाले. "दोन्हीकडं एकच हात असलेला बरा."

"एवढी वर्सं लागली व्हय कळायला?"

"डोकं जाड हाय माझं."

"ठिवा तितं. उठलं की करतीया."

उठली नाही. हाताला कापरं सुटलेलं, पटाशी धरवत नव्हती. मग एका सकाळी मला म्हणाली, खाटेजवळ फळी घेऊन बसा. लाकूड मी तासायचं, ती सांगणार. पत्र्याचा हात माझा, लाकडावर जडच पडायचा. ती डोळे मिटून ऐकायची. पटाशीच्या आवाजावरून तिला कळायचं. "अजून. हळू. अजून एकदा. आता कडंला जावा. अवो, कडंला म्हटलं, काशीला न्हाय." असं आठवडाभर चाललं. रोज थोडं थोडं. ती दमली की थांबायचं.

शेवटच्या दिवशी काम कोपऱ्याच्या गोलाईपर्यंत आलं होतं. ती "अजून" म्हणाली, मी तासलं. परत "अजून" म्हणाली, तासलं. मग आवाज आला नाही. बघितलं तर तिला झोप लागलेली. गोलाईत अजून काढायला पाहिजे होतं की पुरे झालं होतं, मला सांगता येईना. पटाशी लाकडावर टेकवून तसाच बसून राहिलो. गल्लीतून भाजीवाला गेला, परत आला. अर्ध्या तासानं तिनं डोळे उघडले.

"का थांबलासा?"

"तू सांगितलं न्हाईस की."

तिनं माझ्या हातातल्या लाकडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज शाणं झालासा," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून परत झोपली.